वर्गणी आणि घरपट्टी

२०२५ ची दिवाळी झाल्यावर नेरुळहून भाच्याचा फोन आला. एकदम खुशीत. "मामा, आपल्या पाम बीच रोडवर रेस होणार! फॉर्म्युला कार, रात्रीची! महापालिकेने करार केलाय." मी "अरे वा" म्हणालो आणि मग जरा गप्पच बसलो. त्याला वाटलं फोन कट झाला.

फोन कट झाला नव्हता. मला हॅमिल्टन आठवलं होतं.

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला रेसिंगद्वेष्टा म्हणायला नको. मला गाड्यांच्या शर्यती प्रचंड आवडतात. कोल्हापूरकडचा माणूस आहे, इंजिनाचा आवाज ऐकला की मान आपोआप वळते. हॅमिल्टनमध्ये (म्हणजे न्यूझीलंडमधल्या, कॅनडातल्या नव्हे) मी २००३ पासून आहे, दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. इथल्या सिटी कौन्सिलने व्ही-एट सुपरकार्सची शर्यत शहराच्या रस्त्यांवर आणायचं ठरवलं तेव्हा चहाच्या टेबलावर सगळ्यात मोठ्या आवाजात बाजू मांडणारा मीच होतो. एवढंच नाही, विरोध करणाऱ्या एका आजीबाईंचं पत्र पेपरात आलं तर त्याला उत्तर म्हणून मीही पत्र लिहिलं. त्यातलं "म्हाताऱ्यांचं शहर" असं काहीतरी खवचट वाक्य अजून आठवलं की कानशिलं गरम होतात. त्या आजींनी पत्रात एकच प्रश्न विचारला होता. तोटा झाला तर भरणार कोण? मी त्याला उत्तर दिलंच नव्हतं. मी जोशावर लिहिलं होतं.

आता थोडं हॅमिल्टनविषयी. ऑकलंडच्या दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरवर, वायकाटो नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं गाव. तेव्हा वस्ती साधारण १ लाख ३० हजार. आजूबाजूला गाईच गाई. इथे समुद्र नाही, बर्फाचे डोंगर नाहीत, पर्यटक इथून पुढे कुठेतरी जायला म्हणून जातात. ऑकलंडवाले हसतात, आणि इथले लोक स्वतःही गावाला चेष्टेने "हॅमिल्ट्रॉन, भविष्यातलं शहर" म्हणतात. अशा गावाला एक न्यूनगंड असतो. आपलं नाव टीव्हीवर यावं, मोठ्या गावांनी आपल्याकडे वळून बघावं. माझं असं मत झालंय की शर्यती विकणाऱ्यांना हा न्यूनगंड लांबून वास यावा तसा कळतो. ऑकलंडमध्ये रस्त्यावर शर्यत घ्यायचा बेत आधी वाहतुकीच्या मुद्द्यावर बारगळला होता. जे ऑकलंडला नको झालं ते आम्हाला मिळालं, आणि आम्हाला वाटलं की आम्ही ऑकलंडला हरवलं!

२००६ मध्ये कौन्सिलने होकार दिला. सात वर्षांचा करार. पहिली शर्यत एप्रिल २००८ मध्ये फ्रँकटन भागातल्या रस्त्यांवर झाली.

आणि काय सांगू, ती शर्यत अप्रतिम होती. ज्या रस्त्याने मी रोज भाजी आणायला जायचो त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर जाळ्या, आणि मधून पाच लिटरची इंजिनं किंचाळत जातायत. आवाज कानात येत नाही, बरगड्यांत येतो. होल्डनवाले एका बाजूला, फोर्डवाले दुसऱ्या बाजूला, घरात भांडणं लागतील इतकी निष्ठा. गार्थ टँडर जिंकला. करंडकाला मार्क पोर्टरचं नाव दिलेलं. तो हॅमिल्टनचाच पोरगा, २००६ मध्ये बाथर्स्टला अपघातात गेला. करंडक देताना माझ्या शेजारचा टॅटूवाला धिप्पाड गडी डोळे पुसत होता. त्यामुळे "हे सगळं निरर्थक होतं" असं मी म्हणणार नाही. मुद्दा तो नाहीच.

मुद्दा पैशाचा आहे. आणि त्याहून जास्त, पैशाबद्दल न बोलण्याचा.

शर्यत २०१२ मध्ये शेवटची झाली. सात वर्षांच्या करारातून कौन्सिल पाच शर्यतींनंतर बाहेर पडली. त्याच्या आधी, २०११ मध्ये, ऑडिट न्यूझीलंडचा अहवाल आला. शहराला ही हौस सुमारे ४ कोटी डॉलरला पडली होती. १ लाख ३० हजारांनी भागून बघा, तान्ह्या बाळासकट माणशी ३०० डॉलर. चौघांचं घर असेल तर १,२००. माझ्या घरात तेव्हा चौघं होतो. आम्ही तिकिटं काढून शर्यत बघितली ती वेगळीच.

पण मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त झोंबली. अहवालात असं निघालं की लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांपर्यंत खरे आकडे पूर्ण पोचतच नव्हते, आणि काही रकमा रीतसर मंजुरी न घेताच दिल्या गेल्या होत्या. त्या काळातले मुख्य अधिकारी आधी शहराचे महापौर होते, आणि अहवाल आला तेव्हा ऑकलंडच्या पर्यटन आणि कार्यक्रम खात्याच्या प्रमुखपदी होते. ते पद त्यांनी सोडलं. झालं. ४ कोटी मात्र कुणी सोडले नाहीत, ते घरपट्टीत राहिले. (इथे घरपट्टीला रेट्स म्हणतात. तीन-तीन महिन्यांनी येते आणि चुकत नाही.)

इथे मला आमच्या गावची जत्रा आठवते. विषयांतर वाटेल, पण नाही.

मी लहान असताना जत्रेला बैलगाडीच्या शर्यती व्हायच्या. (बैलांच्या हालांचा प्रश्न आहेच, तो मी टाळत नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०२३ मध्ये कोर्टाने राज्याचा कायदा मान्य केला, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ते पुन्हा कधीतरी.) त्या शर्यतीला पैसा यायचा कुठून? वर्गणीतून. पावतीपुस्तक घेऊन पोरं घरोघर फिरायची. कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी पायलीभर जोंधळे, आणि एखादा म्हणायचा, "मला न्हाई पटत, मी न्हाई देणार." त्याला शिव्या बसायच्या, पण त्याच्या घरावर बोजा कुणी चढवत नव्हतं. ज्याचा जत्रेत धंदा व्हायचा, म्हणजे हॉटेलवाला, कापडवाला, त्याच्याकडून मात्र पोरं जास्त उकळायची. "तुमी कमावनार, तुमी द्या" हे साधं अर्थशास्त्र.

आणि जत्रा संपली की आठ दिवसांत देवळापुढं हिशेब. माझे थोरले चुलते एक वर्ष खजिनदार होते. कागद हातात धरून वाचतायत, मांडव इतके, ढाल इतकी, हलगीवाले इतके. मागून एक म्हातारा उठला. "मांडवाच्या दोरीचं चाळीस लावल्यात. दोर कुठाय?" चुलते गोंधळले. दोर खरंच सापडेना. रात्री कंदील घेऊन शोधला, तर तो कुणीतरी विहिरीवर नेऊन बांधला होता. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी तो दोर आणून देवळाच्या खांबाला अडकवला आणि मगच जेवले.

चाळीस रुपयांचा दोर. आणि इथे ४ कोटी डॉलर, ऑडिटर, वकील, संगणक, माहिती देण्याचा स्वतंत्र कायदा, सगळं असून दोर कुठाय हे पाच वर्षांनी कळलं.

कारण काय? तर "व्यावसायिक गोपनीयता". इथे १९८७ चा कायदा आहे, कौन्सिलच्या कागदपत्रांवर आणि सभांवर लोकांचा हक्क सांगणारा. चांगला कायदा आहे. पण त्यातच एक खिडकी आहे. एखाद्याच्या धंद्याला बाध येणार असेल तर लोकांना बाहेर काढून सभा घेता येते. शर्यतीचे करार बरोबर त्या खिडकीतून आत येतात. मालिकेच्या मालकाला किती द्यायचे, तिकिटं खपली नाहीत तर कुणी सोसायचं, भिंती आणि जाळ्या कुणाच्या, आयोजक बुडाला तर पुढे काय, हे सगळे प्रश्न म्हणे धंद्याची गुपितं. अहो, माझ्या घरावर कर्ज काढताय आणि कर्जाचा कागद मला दाखवायचा नाही?

बरं, शर्यतीच्या बाजूने एक अहवाल हमखास असतो. "आर्थिक परिणाम" नावाचा. मी इंजिनिअर आहे, आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून असले बरेच अहवाल मी पुढे वाचून काढले. त्यांची रीत ठरलेली असते. तीन दिवसांत जेवढी माणसं फाटकातून आत आली त्यांची बेरीज करायची, म्हणजे मी तिन्ही दिवस गेलो तर मी तीन माणसं. (बायको म्हणते एकच पुष्कळ आहे.) मग प्रत्येकाने इतका खर्च केला असं धरायचं. पण मी त्या शनिवारी शर्यतीत शंभर डॉलर उडवले म्हणून त्या महिन्यात सिनेमाला गेलो नाही, बाहेर जेवलो नाही. ते शंभर डॉलर गावात आले नाहीत, ते गावातल्या गावात एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, आणि त्यातला बराचसा भाग तर गावाबाहेर गेला. बाहेरून आलेला प्रेक्षक धरा म्हणाल, तर ऑकलंड दीड तासावर. माणूस सकाळी येतो, डबा खातो, संध्याकाळी घरी जाऊन झोपतो. आमच्या कोपऱ्यावर एका गुजराथी भाईंचं दुकान होतं, ते जाळीच्या नेमकं पलीकडे अडकलं. तीन दिवस गिऱ्हाईक नाही. त्यांचा तोटा त्या अहवालांत कुठल्या रकान्यात बसतो हे मी खूप शोधलं.

यावर मेलबर्नचं उदाहरण बघण्यासारखं आहे, कारण तिथे एका सरकारी ऑडिटरने हा हिशेब नीट मांडला. फॉर्म्युला वनची ऑस्ट्रेलियन शर्यत १९८५ ते १९९५ ॲडलेडला होती, १९९६ पासून मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कात होते. सार्वजनिक बाग आहे ती. शर्यतीसाठी १९९४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने खास कायदाच केला, त्यात नियोजनाचे आणि पर्यावरणाचे नेहमीचे नियम बाजूला ठेवले. लोकांनी झाडांना पिवळ्या फिती बांधून विरोध केला, उपयोग झाला नाही. २००७ मध्ये राज्याच्या महालेखापालाने २००५ च्या शर्यतीचा नफा-तोटा तपासला. नुसता "पैसा किती फिरला" हे नाही, तर खर्च वजा जाता काय उरलं ते. उत्तर आलं उणे ६७ लाख डॉलर. त्यानंतरही करार वाढतच गेले, आता २०३७ पर्यंत आहे, आणि अलीकडच्या वर्षांत राज्याला वर्षाला १० कोटी डॉलरच्या घरात घालावे लागतायत. मेलबर्न निदान श्रीमंत आहे, तिथे पन्नास लाख लोक आहेत आणि पैसा राज्य सरकारचा आहे. त्यांना परवडत असेल. हॅमिल्टनने त्याच वाटेवर आपली सायकल घातली.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा घेतो, कारण तो मला दोन-तीनदा निरुत्तर करून गेलाय. माझा एक मित्र म्हणतो, "ग्रंथालय पण तोट्यातच चालतं. पोहायचा तलाव तोट्यात, बाग तोट्यात. तुला पुस्तकं आवडतात म्हणून ग्रंथालय चालतं आणि मला गाड्या आवडतात तर मी का नको?" बरोबर आहे की. गावाने आनंदावर खर्च करू नये असं मी कसं म्हणू? गावाने जरूर करावा. पण ग्रंथालयाचा तोटा दरवर्षी अंदाजपत्रकात छापलेला असतो. तो बघून मी कौन्सिलसमोर जाऊन पाच मिनिटं बोलू शकतो, "कमी करा" किंवा "वाढवा" म्हणू शकतो. आणि ग्रंथालय कुणा परदेशी मालिकेच्या मालकीचं नसतं, उद्या दुसऱ्या गावाने जास्त पैसे दिले तर ते पुस्तकं ट्रकात भरून निघून जात नाही. शर्यतीला "हा आनंदाचा खर्च आहे, दरवर्षी इतके लाख बुडणार आहेत, चालेल का?" असं विचारा ना. मी कदाचित हो म्हणेन. खरंच. पण तसं कुणी विचारत नाही. विचारतात ते असं, की ही गुंतवणूक आहे, शहराचं नाव होईल, पैसा परत येईल. आनंद म्हणून आणलेली गोष्ट धंदा म्हणून विकायची, आणि धंदा बुडाला की "अहो, पण आनंद केवढा मिळाला" म्हणायचं.

शहराचं नाव होण्याबद्दल तर काय बोलावं. टीव्हीवर पाच वर्षं हॅमिल्टन दिसलं म्हणजे काय दिसलं? डांबर, काँक्रीट आणि जाहिराती. नदी दिसली नाही. त्यापेक्षा दर जूनला गावाबाहेर मिस्टरी क्रीकला शेतीचं प्रदर्शन भरतं, फील्डेज. १९६९ पासून चालू आहे. चिखल, ट्रॅक्टर, दूध काढायची यंत्रं आणि गमबूट घातलेले हजारो शेतकरी. एक संस्था ते चालवते, आणि ते इथल्या मातीतून उगवलेलं आहे, त्यामुळे ते पळवून नेणार कोण आणि कुठे? हॅमिल्टनचं नाव जगात ज्यांना माहीत आहे त्यांच्यातल्या निम्म्यांना ते गमबुटांमुळे माहीत आहे. यात लाजण्यासारखं काय होतं ते मला २००६ मध्ये कळलं नाही, आता कळतं.

आणि हा साधा प्रश्न. फायदा जर इतका नक्की असेल, तर आयोजक बँकेत न जाता कौन्सिलकडे का येतो? हॉटेलांना, बारना, गाड्या विकणाऱ्यांना फायदा होणार असेल तर त्यांनी आधी वर्गणी काढावी. आमच्या गावच्या पोरांना जे कळत होतं ते सूटवाल्यांना कळत नाही असं मी मानायला तयार नाही. त्यांना बरोबर कळतं. वर्गणी मागायची तर समोरचा "नाही" म्हणू शकतो. घरपट्टीला नाही म्हणता येत नाही.

आपल्याकडे याहून वेगळं होईल असं मानायला मला कारण दिसत नाही. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं झाली आणि थांबली. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली, २०२४ ची शर्यत जानेवारीत रद्द झाली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये महानगर विकास प्राधिकरणाने दिलेल्या पैशांवरून गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण, कुणीच नाही का, ते कोर्ट ठरवेल, मला त्यात पडायचं नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्या प्रश्नांवर पोलीस आणि वकील बोलतायत ते प्रश्न पैसे देण्याआधी एखाद्या सभागृहात, लोकांसमोर, आरडाओरडा करत बोलले गेले असते तर? आरडाओरड्याला लोक उगाच नावं ठेवतात. चाळीस रुपयांचा दोर आरडाओरड्यानेच सापडला होता.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. बिचाऱ्याने रेसची खुशखबर द्यायला फोन केला होता, त्याला पाऊण तास प्रवचन मिळालं. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या वॉर्डाच्या नगरसेवकाला जाऊन विचार. भिंतींचा खर्च कोण करणार, रस्ता कोण करणार, तिकिटं खपली नाहीत तर काय."

तो म्हणाला, "मामा, कुठला नगरसेवक? इथे २०२० पासून प्रशासक आहे. पाच वर्षं झाली, निवडणूकच नाही."

मी हॅमिल्टनच्या सभासदांना इतकी वर्षं नावं ठेवतोय. त्यांना आकडे सांगितले गेले नाहीत म्हणून. इथे आकडे सांगायला सभासदच नव्हते. रस्ता गावाचा, खासगी कंपनीशी करार महापालिकेचा, आणि मध्ये उभा राहून "दोर कुठाय" म्हणणारं खुर्चीवर तेव्हा एकही माणूस नव्हतं.

मग मी त्याला माहिती अधिकाराची आठवण केली. दहा रुपये, तीस दिवस. त्यातही ती खिडकी आहेच, व्यापारी गुपिताची, कलम आठ. पण तिथे कायद्याने असंही म्हटलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी लागते. तो म्हणाला बघतो. मला वाटलं नाही तो काही करेल, एरवी विजेचं बिलसुद्धा त्याची आई भरते.

आठवड्याने व्हॉट्सॲपवर फोटो आला. हाताने लिहिलेला अर्ज, अक्षर अगदी आमच्या चुलत्यांसारखं तिरकं. वर दहा रुपयांचा स्टॅम्प. पाच प्रश्न. पहिला प्रश्न भिंती आणि जाळ्यांचा खर्च कोण करणार. पाचवा प्रश्न होता, "नेरुळच्या रहिवाशांना तिकिटात सवलत आहे काय?"

हा पाचवा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.